गोळी सोडू नका, हाडेही सांभाळा
(आरोग्य कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी हाडांविषयी बोलणार आहे. "या गोळ्यांनी हाडे पोकळ होतात," असे पाड्यावर कोणीतरी म्हणते आणि ते ऐकून एखादा माणूस एआरटी बंद करतो. या बोलण्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ या.

कुडाच्या भिंतीचे पोपडे आपण खरवडतो आणि पुन्हा लिंपतो. हाडाचेही तसेच चालते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात, ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे भरतात. खरवडणे वाढले आणि लिंपणे मागे पडले, की हाड विरळ होते.

एचआयव्हीमुळे शरीरात सतत दाह राहतो आणि त्याने खरवडणाऱ्या पेशींना जोर चढतो. म्हणजे औषध न घेणाऱ्याचेही हाड झिजतच असते. उपचार सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती पुन्हा उभी राहू लागते. त्या घडामोडीत पहिल्या एक-दोन वर्षांत अस्थिघनता साधारण २ ते ६ टक्क्यांनी उतरते. पुढे ही घसरण बहुधा थांबते. आपल्याकडच्या रोजच्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर अशी तीन औषधे असतात. त्यांपैकी टेनोफोविरमुळे काहींच्या मूत्रपिंडातून फॉस्फेट जास्त वाहून जाते आणि हाड कमजोर होते. म्हणून केंद्रात सांगितलेली मूत्रपिंडाची तपासणी चुकवू नये. गरज पडल्यास डॉक्टर औषध बदलून देतात. तो निर्णय त्यांचा; आपण स्वतःहून गोळी थांबवायची नाही.

कारण गोळी थांबली की विषाणू पुन्हा वाढतो, क्षयासारखे आजार गाठतात. मधूनमधून उपचार बंद ठेवून पाहणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात, औषध थांबवलेल्या गटात आजार व मृत्यू जास्त आढळले. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडाची झीज भरून काढण्याचे उपाय आहेत. गेलेला जीव परत आणता येत नाही.

मग करायचे काय? नाचणीची भाकरी ताटात परत आणा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागते. शेवग्याचा पाला, तीळ, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी यांतूनही ते मिळते. अंगावर ऊन घ्यावे, चालते-फिरते राहावे. तंबाखू, मशेरी आणि दारू हाडांच्या वैरी आहेत.

आशाताईंनो, एक गोष्ट खास लक्षात ठेवा. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी एचआयव्हीच्या गोळीसोबत रिकाम्या पोटी घेतली, तर डोलुटेग्राविर नीट अंगी लागत नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात. नाहीतर एचआयव्हीची गोळी आधी घेऊन दोन तासांनी दुसरी घ्यावी. गरोदर बाईला हे आवर्जून सांगा.

कंबर किंवा खुबा सतत दुखत असेल, किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर लगेच दवाखान्यात पाठवा. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. त्यातही खुब्याचे हाड खराब होते. सगळा दोष एआरटीच्या माथी मारू नका.

आणि हे बोलताना कोणाचे नाव फुटू देऊ नका. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय कोणाचा एचआयव्ही उघड करता येत नाही. हाडांची काळजी सर्वांनाच हवी, म्हणून ती सर्व बायाबापड्यांना एकत्र बसवून सांगा. ज्याला ऐकायचे आहे तो त्यात आपले ऐकून घेईल, आणि कोणाची मान खाली जाणार नाही.

शरीर ही देवाने दिलेली ठेव आहे. ती जपायला गोळीही हवी आणि भाकरीही. पुढच्या भेटीत प्रत्येक घरी दोन प्रश्न विचारा: "गोळी चालू आहे ना? आणि ताटात नाचणी आहे ना?"