स्टूल आहे, पण बसायचं कधी?
(दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामाच्या जागी सुरक्षितता आणि त्याबद्दलचे नवे कायदे, यावर मी बोलावं असं मला सांगितलं आहे. सुरक्षितता म्हटलं की आपल्याला आग, उघड्या विजेच्या तारा, रात्री घरी जाताना लागणारा अंधारा रस्ता आठवतो. ते महत्त्वाचं आहेच. पण आज मी एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे स्टूल. तुमच्यापैकी किती जणींच्या काउंटरमागे स्टूल आहे? आणि ज्यांच्याकडे आहे, त्यांतल्या किती जणींना त्यावर बसू दिलं जातं? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा.

मी स्वतः आठ वर्षं साड्यांच्या दुकानात काढली. नाव घेत नाही, कारण सगळीकडे तीच रीत आहे. सकाळी दहाला उभं राहायचं ते रात्री दुकान बंद होईपर्यंत. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकायचं नाही, तरी बसायचं नाही. उघडलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घाला, तेही उभ्यानेच. कुणी टेकली की गल्ल्यावरून हाक यायची. रात्री घरी गेल्यावर पाय सुजलेले असत, आणि मग स्वयंपाकाला पुन्हा उभं राहायचं. पोटऱ्यांवर निळ्या शिरा तटतटून येतात, कंबर धरते, टाचा ठणकतात. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. यातलं काहीही अपघात म्हणून कुठे नोंदवलं जात नाही. म्हणून ते कुणाला दिसतही नाही.

मालक म्हणतात, गिऱ्हाइकापुढे बसलेलं बरं दिसत नाही. आपल्याकडची जुनी कापडाची दुकानं आठवा. पांढरी चादर घातलेली गादी असायची. दुकानदार गादीवर, नोकर गादीवर, गिऱ्हाईकही गादीच्या कडेला टेकलेलं. सगळे बसून कापड बघत, आणि त्यात कुणाचा अपमान होत नव्हता. मग गादी गेली, काचेचं काउंटर आलं, आणि काउंटरमागे कमी पगारावर मुली आल्या. त्या बसल्या की मात्र तो आळस ठरला! म्हणजे प्रश्न गिऱ्हाइकाच्या मानाचा नाही. दिवसभराच्या पगारात बाईचं शरीर सतत ताटकळत ठेवण्याचा हक्कही आपण विकत घेतला, असं मालकाला वाटतं. प्रश्न तिथे आहे.

हे पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं असंही नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानांतल्या नोकरांच्या बैठकीसाठी वेगळा कायदा झाला. तीन स्त्री-नोकरांमागे एक आसन ठेवा, असं त्यात होतं. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्यात उभ्याने काम करणाऱ्या सर्व कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. पण तो कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच. दुकानातली बाई त्याच्या बाहेर राहिली.

ही उणीव भरून काढली ती केरळातल्या बायकांनी. कोळिकोडच्या बाजारपेठेत दुकानांत काम करणाऱ्या स्त्रिया आधी एकत्र आल्या त्या संडासाच्या प्रश्नावर. जायला जागाच नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नव्हत्या. शिवणकाम करणाऱ्या विजी यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये 'पेण्कूट्ट' ही संघटना उभी राहिली. 'पेण्कूट्ट' म्हणजे बायकांची सोबत. संडासानंतर त्यांनी बसण्याचा प्रश्न हाती घेतला. लोक हसले. बसायचं असेल तर घरीच बसा, असंही ऐकावं लागलं. पण त्या हटल्या नाहीत. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारने आपल्या दुकाने कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या पाठोपाठ २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली.

या दुरुस्त्यांमधले शब्द नीट समजून घ्या. काम चालू असताना बसण्याची जी संधी मिळेल तिचा लाभ सर्व कामगारांना घेता यावा, यासाठी योग्य आसनव्यवस्था केली पाहिजे, असा त्यांचा अर्थ आहे. म्हणजे मालकावर एकच नाही, दोन जबाबदाऱ्या येतात. एक, आसन ठेवणं. दुसरी, गिऱ्हाईक नसताना त्यावर बसू देणं. माळ्यावर टाकलेलं स्टूल चालणार नाही. सात जणींत एक स्टूल चालणार नाही. बसली म्हणून पगार कापणं किंवा दम देणं तर मुळीच चालणार नाही. आणि 'सर्व कामगार' म्हटलं आहे, म्हणजे त्यात आपल्याबरोबर उभे राहणारे पुरुषही आले. मागणी बायकांनी केली, फायदा सगळ्यांना झाला.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुना कारखाना कायदा तिच्यात सामावला गेला. या संहितेच्या कलम २४ मध्ये उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली आहे. कलम २३ मध्ये पिण्याचं पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहं आहेत. शिवाय कामावर घेताना प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं हे मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेली व्यापाराची जागाही या संहितेत येते. म्हणजे मोठं साडी सेंटर, मॉल, सराफाची मोठी पेढी या सगळ्यांना ही सोय केलीच पाहिजे.

पण मेख त्या 'दहा'मध्ये आहे. आपल्यातल्या बहुतेक जणी चार-पाच जणींच्या दुकानात काम करतात. १९४८ चा मुंबईचा जुना दुकाने कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दहाची अट आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे उभं राहण्याचे तास वाढले आणि कायद्याच्या छत्रीखालची माणसं कमी झाली. चार जणींच्या दुकानात पाय कमी दुखतात का?

छोट्या दुकानांना कायदा लावता येत नाही, हे मला पटत नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची नाही, पण तिथल्या बाईला वाऱ्यावर सोडलेलं नाही. तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मनात असलं की वाट काढता येते. आणि इथे तर मालकाला समिती नेमायची नाही, कार्यालय थाटायचं नाही. चार स्टुलं आणायची आहेत!

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, दहाच्या वर कामगार असलेल्या दुकानांत काम करणाऱ्यांनी सोय लेखी मागावी. एकटीने नाही, पाच-सहा जणींनी सह्या करून. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मालकाने दाद दिली नाही तर तोच अर्ज कामगार आयुक्त कार्यालयात द्या. दुसरी, प्रत्येकीने नेमणूकपत्र मागावं. तुम्ही तिथे कामाला आहात याचा कागदच नसेल, तर उद्या तक्रार कुणाची म्हणून लिहून घेणार? तिसरी, बसण्याचा हक्क एका कामगाराच्या दुकानालाही लागू करा, अशी मागणी आपण राज्य सरकारकडे करावी. केरळ आणि तमिळनाडूने आपापले दुकाने कायदे बदलले, तसा महाराष्ट्रालाही बदलता येईल.

आणि आपण स्वतः गिऱ्हाईक म्हणून दुकानात जातो तेव्हा काउंटरमागच्या मुलीला, "बस गं, मला घाई नाही" एवढं मालकाच्या देखत म्हणायला काय हरकत आहे? कायदा झाला तरी तो आपोआप दुकानात शिरत नाही. तो आपल्यालाच आत न्यावा लागतो. अर्जाचा नमुना मेळाव्याच्या शेवटी वाटणार आहोत. आजच सह्यांना सुरुवात करू या.