दाखला वेळेवर का मिळत नाही?



निकाल लागला की अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या आपल्या उपनगर जिल्ह्याच्या तिन्ही तहसील कचेऱ्यांत गर्दी उसळते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर. खेटे घालून थकलेला पालक म्हणतो, कारकून आळशी आहे. अर्थशास्त्र मात्र निराळेच विचारते: काम लवकर करून त्याला मिळते काय? चुकीचा दाखला दिला तर चौकशी मागे लागते. उशीर केला तर बहुधा काहीच होत नाही. तुमच्या मुलीचा प्रवेश हुकला, तरी तो तोटा त्याच्या खात्यावर पडत नाही. मग फाइल पडून राहिली, यात नवल ते कोणते?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम निस्कानेन यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात याच अंगाने वरिष्ठांचा विचार केला. खातेप्रमुखाला नफा नसतो, म्हणून तो अंदाजपत्रक वाढवू पाहतो. आणि कामाचा खरा खर्च विधिमंडळापेक्षा खात्यालाच अधिक ठाऊक असतो. मला हे सगळेच पटत नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतील दप्तर आणि बसण्याची व्यवस्था बदलली. पगार वाढवणे जिल्हाधिकाऱ्याच्या हाती नसतेच. तरी ‘लखीना पॅटर्न’ राज्यभर गाजला. नुसत्या पैशावर माणूस चालत नाही.

तरीही व्यवस्थेला धाक हवाच. २००५ च्या विलंब-प्रतिबंधक कायद्याने कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक एका टेबलावर ठेवण्यास मनाई केली. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर सबळ कारणाविना मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. उशिराचा थोडा तरी तोटा आता त्याच्या खात्यावर आला! अर्थात घड्याळाचाच धाक असला, की ‘त्रुटी’ काढून अर्ज परत करण्याचा मोह वाढतो. म्हणूनच नकाराची कारणे लेखी देण्याचे बंधन कायद्यात आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, कागदपत्रे पूर्ण जोडा आणि तारखेची पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत तिच्यावरून मोजली जाते. मुदत टळली किंवा नकार आला, तर तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. ते कोणाकडे करायचे, हे कचेरीतल्या फलकावर लिहिलेले असले पाहिजे. फलक नसेल, तर तोही मागा.