भाजी, गोळी आणि सामूहिक दाव्याचा फॉर्म

(इंदिरानगर, नाशिक येथे बांधकामावरच्या आपल्या माणसांच्या बैठकीत केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी बुलेटिनमध्ये देत आहोत. गावात वाचून दाखवावं.)



बायांनो, दादांनो, आज हप्त्याचा दिवस आहे. कोणाला बाजार करायचाय, कोणाची चूल पेटायची राहिलीय, मला माहीत आहे. तरी अर्धा तास बसा. मागच्या बैठकीत वनहक्काच्या फॉर्मवर बोलणं झालं, तेव्हा दादालोक पुढं आणि बाया पार मागं बसल्या होत्या. सगळं बोलणं प्लॉटचं झालं. किती गुंठे, कोणाच्या नावावर, दंडाची पावती आहे का. बायांनी तोंड उघडलं नाही. आज बायांना पुढं बसवलंय, कारण आजचा विषय पोटाचा आहे. पण तो त्याच फॉर्मपाशी जातो, म्हणून दादांनी उठून जाऊ नये.

विषय आहे फोलिक ॲसिड. नाव ऐकून घाबरू नका. उपकेंद्रात नर्सबाई गरोदर बाईला जी लोहाची गोळी देतात, तिच्यात दोन वस्तू असतात. एक लोह. दुसरं हे फोलिक ॲसिड, अर्धा मिलीग्रॅम. पाकिटावर दोन्ही नावं छापलेली असतात, पण सांगताना लोहाचंच सांगतात. फोलिक हा शब्द लॅटिन भाषेतल्या फोलियम या शब्दावरून आलाय. फोलियम म्हणजे पान. १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून हे जीवनसत्त्व वेगळं काढलं, म्हणून पानाचंच नाव दिलं. पुढं १९४५ साली ते कारखान्यात बनवायची रीत ज्यांनी काढली, त्यांचा प्रमुख आपल्या देशातला माणूस होता, आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

हे अंगात काय करतं? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिने जगतात आणि मरतात. रोज नव्या कराव्या लागतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर फोलिक ॲसिड लागतं. ते नसलं तर पेशी नुसती फुगते, तिच्या दोन होत नाहीत. पेशी मोठ्या, पण कमी. मग डोळ्यांच्या पापणीत पांढरं दिसतं, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी होते, घमेलं घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलं की छाती धडधडते. ठेकेदार म्हणतो, ही बाई कामचुकार आहे. लोह कमी पडलं तरी रक्त कमी होतं आणि हे कमी पडलं तरी होतं. आपल्या बायांत बऱ्याचदा दोन्ही कमी असतं. सरकारच्याच २००५-०६ च्या पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. सिकलसेल ज्यांना आहे त्यांच्या पेशी तर आणखी लवकर मोडतात, म्हणून डॉक्टर त्यांना फोलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायला सांगतात.

आता एक जुनी गोष्ट सांगते, मुंबईची आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चालायचं. मुंबईत तेव्हा गरीब बाया, गिरण्यांत राबणाऱ्या बाया, गरोदरपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. असं का होतं ते शोधायचं होतं. हा साथीचा रोग असेल असंही लोकांना वाटायचं. तिने बाया काय खातात ते बघायला सुरुवात केली. ज्यांना हा आजार होता त्यांच्या खाण्यात ताजी भाजी, फळं जवळजवळ नव्हती. तसलंच खाणं तिने माकडांना घातलं. मग मार्माइट म्हणून एक काळा खारट लगदा येतो, यीस्टपासून करतात, स्वस्त असतो, तो माकडांना आणि आजारी बायांना देऊन पाहिला. बाया सुधारल्या. १९३१ साली तिने हे छापून सांगितलं. त्या लगद्यात नेमकं काय आहे ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून त्याला विल्सचा घटक म्हणायचे. तेच हे फोलिक ॲसिड.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या डॉक्टरणीपेक्षा त्या बायांचं जास्त वाटलं. गिरणीतल्या बाया कोण होत्या? कोकणातून, घाटावरून गाव सोडून आलेल्या. गावाला परसात काहीतरी पाला उगवत असणार, बांधावर उगवत असणार. मुंबईच्या खोलीत कुठला बांध? आज इतक्या वर्षांनी आपण इंदिरानगरात बसलोय. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून येऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहतोय. काल रात्री काय खाल्लं ते मी येताना आठ-दहा जणींना विचारलं. भात आणि बटाट्याचा रस्सा. भाकर आणि चटणी. सकाळी चहा-पाव. एकीने सांगितलं, मेथी केली होती. बाकी कोणाकडं पाला नाही.

आणि हे नाशिक आहे! इथल्या बाजारातून मेथी, कोथिंबीर, शेपू गाड्या भरून मुंबईला जातो. भाव पडला की लोक रस्त्यावर फेकून देतात. दिंडोरी, निफाडकडं त्या जुड्या बांधणारे हातही पुष्कळदा आपलेच असतात. जुडी बांधायची आपण आणि घरी येऊन बटाटा खायचा.

आता माझ्या घरातलं सांगते. वहिनीला विचारून सांगतेय. तिचं पहिलं बाळ जन्मलं तेव्हा त्याची पाठ उघडी होती, कण्यापाशी. दोन दिवस जगलं. ते दोघं तेव्हा द्राक्षबागेत छाटणीला गेले होते, चार महिने बाहेर होते, तिथंच दिवस राहिले. गावात लोक काय काय बोलले ते मी इथं सांगत नाही. तिने ग्रहणात विळा धरला असेल, देवाचं चुकलं असेल, सगळं तिच्यावर. ती वर्षभर विहिरीवर एकटी जायची.

त्या बाळाला तसं कशामुळं झालं ते मी सांगू शकत नाही, डॉक्टरलाही एका बाळाबद्दल सांगता येत नाही. पण शास्त्र काय म्हणतं ते ऐका. बाळाचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. तेव्हा आईला पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. त्या दिवसांत आईच्या अंगात फोलिक ॲसिड कमी असलं तर नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. ज्या बायांचं आधीचं मूल असं झालं होतं, त्यांना इंग्रज डॉक्टरांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून हे औषध देऊन पाहिलं. १९९१ साली निकाल आला. पुन्हा तसं होण्याचं प्रमाण जवळजवळ पाऊण हिश्शाने कमी झालं. म्हणजे विळ्याचा काही संबंध नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधी डॉक्टरला भेटा आणि झालेलं सगळं सांगा. त्यांना साध्या गोळीपेक्षा मोठा डोस लागतो, तो डॉक्टरनेच ठरवायचा असतो.

आता इथं एक खोच आहे. सरकारी गोळी चांगली आहे, फुकट आहे, ती घ्यायचीच. पण ती मिळते बहुतेक तिसरा-चौथा महिना लागल्यावर. रक्तासाठी ती वेळ ठीक आहे. कणा मात्र पहिल्याच महिन्यात तयार होऊन गेलेला असतो. त्या महिन्यात बाईच्या अंगात जे असेल ते तिच्या ताटातूनच आलेलं असणार, किंवा तिने आधीपासून फोलिक ॲसिडची वेगळी गोळी घेतली असेल तर त्यातून. ती गोळी महाग नाही. लग्न झालेल्या पोरींनी डॉक्टरला विचारायला लाजू नका.

आणि दुसरी अडचण तुम्ही रोज भोगता. गावची नर्स म्हणते, तुम्ही बाहेरगावी होता, तुमच्या गोळ्या परत गेल्या. इथली म्हणते, तुमचं नाव आमच्या यादीत नाही. नोंद गावी आणि पोट इथं. संघटनेनं ही मागणी लिहून द्यायचं ठरवलंय की कार्ड कुठलंही असो, बाई जिथं कामाला आहे तिथं गोळी मिळाली पाहिजे. तोवर गावाहून निघताना कार्ड सोबत घ्या, पत्र्यात खोचून ठेवू नका.

गोळीने मळमळतं म्हणून बाया ती फेकून देतात. रात्री जेवून घ्या, त्रास कमी होतो. शौचाला काळी होते, ते लोहामुळं, घाबरायचं नाही. चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा असला तर बरं.

आता खाण्याचं. हिरवा गडद पाला आणि कडधान्य, या दोन्हींत फोलिक ॲसिड भरपूर असतं. चवळी, मूग, हरभरा, उडीद, मसूर. शेंगदाण्यात आहे. अंड्यात आहे, बकऱ्याच्या काळजात तर खूप आहे, पण काळीज बाईच्या ताटात येतं का ते तुम्हीच सांगा. (बाया हसल्या.) हसू नका, गरोदर बाईला पहिला वाटा द्या. तांदळात फारच थोडं असतं, आणि आपण पोट भरतो भातावर. खेकडे, मासे खायचं सोडू नका. बी-१२ म्हणून दुसरं जीवनसत्त्व आहे, रक्ताला दोन्ही लागतात, आणि ते पाल्यात नसतं, मास-मच्छी, दुधात असतं. आणि दादांनो, दारूने अंगातलं फोलिक ॲसिड वाया जातं. मोहाची असो की इंग्रजी.

हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि आचेने मरतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर ते मोरीत गेलं. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, लवकर उतरवा. डाळ किंवा कडधान्य शिजवलेलं पाणी ओतू नका. मग भारंगीचं काय, असं आत्ता एका मावशीने विचारलं. भारंगी कडू असते, ती उकडून पिळावीच लागते. शेवळं खाजतात, त्यांना आंबट घालून नीट शिजवावं लागतं. तिथं आपल्या आयांनी शिकवलंय तसंच करा, माझं ऐकू नका. पण माठ, टाकळ्याचा कोवळा पाला, शेवग्याचा पाला, चवळीचा पाला, हे पिळायची गरज नाही. काही जणी सवयीने सगळंच पिळतात. वाळवून ठेवलेल्या भाजीत हे बरंच कमी उरतं, म्हणून पावसाळ्यात ताजी मिळते तेव्हा पोटभर खा.

आता पावसाला थोडेच दिवस राहिलेत. तुम्ही आवणीला गावी जाल. पहिल्या पावसानंतर रानात काय काय निघतं ते मी तुम्हाला काय सांगणार? कोळूची भाजी, टाकळा, कुर्डू, तेरा, शेवळं, चाईचा मोहोर, भारंगी. विकत घ्यावं लागत नाही. पण ते निघतं कुठं? टाकळा बांधावर, रस्त्याच्या कडेलाही येतो. बाकीचं बरंच जंगलात, जे प्लॉटच्या बाहेर आहे. तिथं मोळी धरली, कोयता हिसकावला, असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्या बाया इथं बसल्यात. पाल्याची पाटी घेऊन येतानाही घाबरतो आपण, चोरासारखं आडवाटेनं येतो.

वनहक्क कायदा २००६ चा. नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. कसत असलेल्या जमिनीसाठी १३ डिसेंबर २००५ ची तारीख, जास्तीत जास्त ४ हेक्टर, नवरा-बायको दोघांचं नाव, हे तुम्हाला पाठ झालंय. पण त्याच कायद्यात लिहिलंय की गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा मालकीहक्क आपला आहे. परंपरेने जिथून गोळा करत आलो तिथून, गावाच्या शिवेच्या आतून किंवा बाहेरूनही. त्यात बांबू, मध, तेंदूपान तर आहेच, औषधी वनस्पती, मुळं, कंद, हेही कायद्यानेच मोजलेत. लाकूड सोडून झाडाझुडपापासून जे जे मिळतं ते सगळं त्यात बसतं. म्हणजे पालाही बसतो. त्याचा दावा वेगळा करायचा असतो, सगळ्या गावाचा मिळून, सामूहिक. आपल्या भागात मी ज्या गावांना गेले तिथं प्लॉटचे फॉर्म गठ्ठ्याने भरलेत. सामूहिक फॉर्म बहुतेक ठिकाणी कोराच. दादांना विचारलं तर म्हणतात, आधी जमीन होऊ दे, मग बघू. प्लॉट मिळाला पाहिजेच, त्यासाठीच आपण लढतोय. पण प्लॉटवर नागली आणि भात होणार. भाजीला जंगल लागणार आणि जंगलाचा कागद नसला तर पाटी पुन्हा आडवाटेनंच आणावी लागेल.

आणि हा फॉर्म बायांशिवाय भरता येत नाही. कोणती भाजी कुठल्या माळावर, कुठल्या ओहोळाला, कुठल्या महिन्यात, हे पुरुषांना विचारलं तर दोन नावं सांगून थांबतात. मी स्वतः आजीसोबत एक सकाळ बसून लिहिलं तर वहीचं दीड पान भरलं. पुराव्यासाठी गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाब चालतो, तसं नियमात आहे. जाणती माणसं म्हणजे म्हाताऱ्या बायाही. वनहक्क समितीत कमीत कमी एक तृतीयांश बाया पाहिजेत, हेही नियमातच आहे. तुमच्या गावच्या समितीत कोण बाया आहेत, त्यांची नावं त्यांना तरी माहीत आहेत का, ते गेल्यावर विचारा.

तर गावी गेल्यावर पहिल्या ग्रामसभेच्या आधी चार बायांनी एकत्र बसायचं. भाजीचं नाव, जागेचं नाव, महिना. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा. ती यादी दाव्याला जोडायची आणि एक प्रत आपल्याकडं ठेवायची.

आता कोणत्या गावचा सामूहिक फॉर्म भरायचा राहिलाय ते एकेकीने सांगा, मी वहीत लिहून घेते. ज्या दोन जिवांच्या आहेत त्यांनी जरा मागं थांबा, कार्ड कोणाकडं आहे आणि कोणाकडं नाही ते बघायचंय. बाकीच्यांनी बाजाराला गेलात तर एवढं करा, अंधार पडायच्या सुमाराला पाथर्डी फाट्याकडं जुड्या स्वस्त होतात, तेव्हा एक जुडी घ्या.