परदेशी शिकायला जाण्यापूर्वी

गेल्या आषाढात आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटायला आले. धोतराच्या सोग्यात सात-बाराचा उतारा गुंडाळलेला. म्हणाले, "सर, पोरगं जर्मनीला जायचं म्हणतंय. दीड एकर रान काढतो. एजंट म्हणतोय, पैसे भरा, व्हिसा आमच्याकडं लागला."

श्रोते हो, त्या दिवशी त्यांना जे सांगितलं तेच आज आपल्याला सांगतो. खेड्यापाड्यांतली मुलं हल्ली जर्मनीचं नाव घेतात, याचं कारण उघड आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही. बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग या प्रांतात मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीला १,५०० युरो पडतात.

पहिली गोष्ट ही की, व्हिसा कुणी एजंट "लावत" नाही. तो देणे न देणे हे त्या देशाच्या वकिलातीच्या हाती. आणि क्रम उलटा करू नये. आधी विद्यापीठाचे प्रवेशपत्र, मग व्हिसाचा अर्ज. त्याही आधी एक पायरी आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून, काही मोजके अपवाद सोडले तर, भारतीय विद्यार्थ्याला आपली प्रमाणपत्रे खरी असल्याचा 'एपीएस' नावाचा दाखला जोडावा लागतो. त्याला काही आठवडे जातात. जर्मनीतले हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाची दिवाळी झाली की मुलाने कागद गोळा करायला बसावे.

आणि कागद म्हटले की आपल्याकडची खरी अडचण येते, ती नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टावर आडनावाचा रकाना वेगळा. एका कागदावर वडील 'शंकर', दुसऱ्यावर 'शंकरराव'. एके ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगात 'व्ही', दुसरीकडे 'डब्ल्यू'. आपल्या गावात याचं कुणाला काही वाटत नाही. पण परक्या देशातल्या कारकुनाला ही दोन माणसे दिसतात. त्याचा तरी काय दोष? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं अख्खं वर्ष या एका अक्षरापायी गेलं. पासपोर्ट दुरुस्त होऊन हाती आला तोवर विद्यापीठाची मुदत टळली होती. शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे, दहावीचा फॉर्म भरताना मुलाचे स्पेलिंग जन्मदाखल्याशी ताडून पाहा. तुमची पाच मिनिटे जातील.

आता पैशाचे. मुलाला राहण्या-जेवण्याची ऐपत आहे, हे दाखवावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो ठरले. म्हणजे आपले दहा-बारा लाख रुपये. हे आकडे बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी वकिलातीच्या संकेतस्थळावरच पाहावेत. हा पैसा मुलाच्याच नावाने एका बंद खात्यात ठेवायचा आणि तिथे गेल्यावर त्याने महिन्याला ९९२ युरो काढून खायचे. पुष्कळांना ही फी वाटते. फी नव्हे, आपलाच पैसा आपणच खायचा. व्हिसाची फी वेगळी, ती ७५ युरो. शिवाय आरोग्यविम्याचा कागद लागतो, आणि हाच विषय का, हेच विद्यापीठ का, हे सांगणारे पत्र. ते पत्र कुणाकडून विकत घेऊ नका. मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की उसने इंग्रजी उघडे पडते.

एक सावधगिरी आणखी. "पर्यटक म्हणून जा, तिथं विद्यार्थ्याचा करून घेऊ," असं कुणी सांगितलं तर त्याच्या दारातून उठा. तसे होत नाही. अर्ज फेटाळला तर पूर्वी वकिलातीलाच फेरविचाराची विनंती करता येई. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दाद. म्हणून पहिलाच अर्ज चोख हवा.

पैशाची ओढाताण काही आजची नाही. १९२८ साली इरावतीबाई कर्वे मानवशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या, त्याही जीवराज मेहतांकडून पैसे कर्जाऊ घेऊन. १९३० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आज राष्ट्रीयीकृत बँका शैक्षणिक कर्ज देतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

हे सगळं ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे अजून प्रवेशाचाच कागद नाही, आणि मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय?" उतारा पुन्हा सोग्यात गेला. दुसऱ्या दिवशी मुलगा एकटा आला, हातात दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट घेऊन. आम्ही दोघांनी टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली.