संकेतस्थळ कोणासाठी?



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो वरवर पाहता यंत्रज्ञांचा आहे. संकेतस्थळाची आखणी कशी व्हावी, याची चिकित्सा आपण का करावी, असे कोणासही वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, दाखल्याची मागणी ही कामे आता पुष्कळ अंशी संकेतस्थळावरूनच होतात. कचेरीचे दार बंद दिसले तर मनुष्य ते ठोठावतो, चार जणांस विचारतो. संकेतस्थळावर अडला म्हणजे मात्र तो स्वतःलाच बोल लावतो. “मला यातले काही कळत नाही,” असे म्हणून मुकाट्याने परत फिरतो. अशा रीतीने कागदावर मिळालेला हक्क हातात येण्यापूर्वीच निसटतो. म्हणून हा विषय आपला आहे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. २०१० साली तेथे आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. ज्यांना विमा परवडत नव्हता, त्यांनाही तो मिळावा, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. विमा निवडण्यासाठी सरकारने ‘हेल्थकेअर.गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले केले. लोकांची झुंबड उडाली. परंतु पहिल्या दिवशी नोंदणी पुरी करू शकले ते अवघे सहा जण, असे सरकारच्याच अंतर्गत टिपणांवरून पुढे उघड झाले. कारणे अनेक होती. पुरेशी चाचणी झालेली नव्हती आणि निरनिराळ्या ठेकेदारांची कामे एकत्र जुळविण्याची जबाबदारी स्पष्ट नव्हती. तथापि एक कारण आपण विशेष ध्यानात ठेवावे. विम्याचे प्रकार व त्यांच्या किमती पाहण्यापूर्वीच प्रत्येकास स्वतःचे खाते उघडणे भाग होते. भाजीचा भाव सांगण्यापूर्वी विक्रेत्याने गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि उत्पन्न विचारावे, तशातला हा प्रकार! ज्यास केवळ भाव पाहावयाचा होता, तोही त्याच उंबरठ्यावर अडकला आणि त्याच्यामागे सारी रांग तुंबली. पुढे खाते न उघडता किमती पाहण्याची सोय झाली, दोन महिन्यांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या आणि एप्रिल २०१४ पर्यंत केंद्राची व राज्यांची व्यवस्था मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विमा निवडला. लोक तेच होते, दार बदलले.

ब्रिटनमध्ये १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह.यूके’ हे संकेतस्थळ सुरू झाले. ते बांधणाऱ्यांनी स्वतःसाठी जे नियम घालून घेतले, त्यांतील पहिला असा, की आरंभ वापरणाराच्या गरजेपासून करावा. सरकारच्या सोयीपासून करू नये. या नियमाचे फळ लहान गोष्टींत दिसते. सार्वजनिक सुट्ट्यांचे पान उघडले की पुढची सुट्टी कोणत्या तारखेस आहे, हे माथ्यावरच मोठ्या अक्षरांत सांगितलेले असते. प्रास्ताविक नाही, खात्याची थोरवी नाही. अर्ज भरताना एका पानावर शक्यतो एकच गोष्ट विचारावी, अशीही तेथील रीत आहे.

आता आखणीचा क्रम पाहू. प्रथम विचारावे, की येणारा कोण आहे आणि कोणते काम घेऊन आला आहे? त्याच्या हाती संगणक आहे, की लहान पडद्याचा मोबाइल आणि क्षीण नेटवर्क? दुसरे, पानांची मांडणी खात्यांच्या नावांप्रमाणे न करता लोकांच्या कामांप्रमाणे करावी. विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती हवी असते. ती कोणत्या संचालनालयाच्या कक्षेत येते, हे त्याने का शोधावे? तिसरे, कोणती कागदपत्रे लागतील हे आरंभीच सांगावे. अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवावा. चूक झाल्यास ती कोठे झाली व कशी सुधारावी, हे साध्या मराठीत त्याच जागी लिहावे. चौथे, मजकूर युनिकोड अक्षरांत असावा. चित्र करून चिकटवू नये, कारण अंधांना वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेस चित्रातील अक्षरे सहसा नीट वाचता येत नाहीत. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उठावाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम सांगतात. फिकट राखाडी अक्षरे डोळ्यांस सुबक वाटतील. आजीला ती दिसणार नाहीत.

शेवटची गोष्ट चाचणीची. या विषयाचे जाणकार याकोब नील्सन यांनी २००० साली लिहिले, की अवघ्या पाच जणांवर केलेल्या चाचणीतूनही बहुतेक दोष उघडकीस येतात. दोष सुधारावे आणि पुन्हा चाचणी घ्यावी. यास मोठा खर्च लागत नाही. शेजारी बसावे, काम सांगावे आणि गप्प राहावे. तो कोठे थबकतो, कोठे मागे फिरतो, ते टिपून घ्यावे. मदतीसाठी हात पुढे करू नये, कारण घरी त्याच्या शेजारी आपण असणार नाही.

आपल्या वाचनालयाचे किंवा वसतिगृहाचे संकेतस्थळ उद्या आपली मुले तयार करतील. ते खुले करण्यापूर्वी एक वृद्ध बाई, एक शाळकरी मुलगा आणि आयुष्यात कधी अर्ज न भरलेला एक मजूर यांस त्यापुढे बसवा. त्यांना जमले तरच काम पुरे झाले असे समजा. आणि दुसऱ्याच्या संकेतस्थळावर आपण स्वतः अडलात, तर खाली मान घालून परतू नका. कोणते पान होते, काय हवे होते, काय घडले, हे तारखेसह लिहा आणि संबंधित कचेरीस कळवा. दार बांधणाऱ्यास ते कोठे अडते हे सांगण्याचा अधिकार, त्या दारातून जावे लागणाऱ्या प्रत्येकास आहे.