जुना क्लायंट बंद करताना इगतपुरी आठवा

आज विषय जरा ऑफिसचा आहे, पण घरापर्यंत येतो.

मी भुसावळचा, नोकरी पुण्यात. आमची कंपनी व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवते. त्याचा एक जुना डेस्कटॉप क्लायंट होता. म्हणजे कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करून चालवायचा. आता सगळं ब्राउझरमध्ये आलंय. मीटिंगमध्ये आकडा दाखवला: जुना वापरणारे फारच थोडे उरलेत. "करा बंद," म्हणणाऱ्यांत मीही होतो.

दिवाळीत घरी आलो. शेजारचे काका केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितात. म्हणाले, "अरे, तुमचं नवीन आमच्याकडे धड उघडतच नाही." जाऊन बघितलं तर विंडोज ७! क्रोमने त्याला २०२३ च्या फेब्रुवारीतच सोडलंय. आम्ही पाठवलेले ईमेल शेठजींच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडलेले. काकांनी चार दिवस बिलं हाताने लिहिली. केळी थांबत नाही ना. घड कापला की गाडी भरायचीच.

आमच्या "फारच थोडे" मध्ये काका होते. माझ्या डोक्यात ते तेव्हा शिरलं.

मग बंद करणं चूक होतं का? नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कोणी नाही, आणि त्याच मशीनवर व्यापाऱ्याचा सगळा हिशोब. शिवाय दोन क्लायंट ठेवले की प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागतो. चूक होती ती बंद करण्याच्या पद्धतीत.

आपल्या भुसावळकरांना हे रेल्वेवरून लगेच कळेल. आपल्याकडे तारेत २५ हजार व्होल्ट एसी, मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी. म्हणून इगतपुरीला गाडी थांबायची, इंजिन बदलायचं. रेल्वेने एका रात्रीत डीसी बंद केलं नाही. दोन्हींवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं आणली, तारा टप्प्याटप्प्याने बदलल्या, आणि मग डीसी गेलं. मधल्या काळात गाडी चालू राहिली.

सॉफ्टवेअरचंही तसंच हवं. पहिलं, किती जण वापरतात एवढंच मोजू नका, कशासाठी वापरतात ते विचारा. काकांचं खरं अडलं होतं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. कार्बन कॉपीचं बिल ब्राउझरमधून नीट निघेना. दुसरं, काही महिने दोन्ही चालू ठेवा. तिसरं, सूचना काम करणाऱ्याच्या स्क्रीनवर दाखवा, आणि शेवटी उरलेल्यांना फोन करा. थोडेच आहेत म्हणता ना? मग फोनही थोडेच लागतील.

परत गेल्यावर हे सगळं मी टीमपुढे मांडलं. जुना क्लायंट तीन महिन्यांसाठी पुन्हा सुरू झाला. त्या काळात काकांच्या शेठजींनी मशीन बदललं, आम्ही प्रिंटरचं काम पूर्ण केलं.

आता तुमच्यासाठी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरी, दुकानात, बाबांच्या ऑफिसात कॉम्प्युटर असेल तर स्टार्टमध्ये 'विनव्हर' इंग्रजीत टाईप करा, व्हर्जन दिसेल. जुनं निघालं तर आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग पुढचं बघा.

आणि तुमच्या ओळखीत असे काका असतील तर आजच विचारा, "तुमचं नीट उघडतंय ना?"

भेटू पुढच्या भागात!