बदकांना भुलवणारा कुत्रा

रिट्रीव्हर म्हटले की आपल्याकडे दोनच नावे आठवतात, लॅब्रॅडॉर आणि गोल्डन. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी दाताची खूणही उमटू न देता तोंडात धरून आणायचा, हे या कुत्र्यांचे मूळ काम. या घराण्यात एक धाकटे भावंड आहे आणि त्याचे नाव त्याच्या अंगापेक्षा मोठे आहे : नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर. बोलताना सगळे त्याला नुसते टोलर म्हणतात. उंची जेमतेम दीड फूट, वजन १७ ते २३ किलो. अंग कोल्ह्यासारखे तांबूस, बहुधा छातीवर, पंजांवर आणि शेपटीच्या टोकाला पांढऱ्या खुणा.

शब्दांचा नाद असल्यामुळे मी आधी ‘टोलिंग’पाशी थांबलो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ओढून घेणे, भुलवणे. श्रोतेहो, या कुत्र्याचे कामही तेच आहे. शिकारी पाण्याकाठच्या गवतात लपून बसतो आणि काठावर एक काटकी फेकतो. कुत्रा उड्या मारत जातो, काटकी उचलतो, शेपटी नाचवत परत गवतात दिसेनासा होतो. पुन्हा काटकी, पुन्हा उडी. लांब पाण्यात बसलेली बदके माना उंचावतात आणि पळून जाण्याऐवजी हळूहळू काठाकडे सरकू लागतात. ती टप्प्यात आली की शिकारी कुत्र्याला आत बोलावतो आणि उभा राहतो. बदके दचकून उडतात, बंदूक वाजते. मग हाच कुत्रा पाण्यात झेप घेऊन पडलेला पक्षी घेऊन येतो.

बदके इतकी वेडी का? आपल्या परसात मुंगूस किंवा साप दिसला की सातभाई काय करतात ते आठवा. उडून न जाता त्याच्याभोवती जमून कलकलाट करतात. शत्रू नजरेआड असण्यापेक्षा नजरेसमोर असलेला बरा, हे त्यांचे गणित. बदकांचेही तसेच काही असावे. कोल्हे काठावर बागडून बदकांना असे जवळ आणतात, हे माणसाने पाहिले आणि त्यावरून ही कला उचलली, असे सांगतात. युरोपातही ही युक्ती जुनी आहे. हॉलंडमध्ये कोइकर नावाचा छोटा कुत्रा पांढरी शेपटी हलवत बदकांना जाळ्याच्या चिंचोळ्या पाटात ओढत नेई.

मला यात खुपते ते एवढेच, की कुत्र्याला यातले कपट ठाऊक नसते. त्याच्या लेखी तो खराखुरा खेळ असतो. फसवणूक सारी गवतामागे बसलेल्याची.

ही जात कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातली, यार्मथ परगण्यातल्या लिटल रिव्हर हार्बर भागातली. १९व्या शतकात तिथल्या शिकाऱ्यांनी रिट्रीव्हर, स्पॅनियल, सेटर यांच्या संकरातून ती घडवली असे मानतात. आधी तिला ‘लिटल रिव्हर डक डॉग’ म्हणत. १९४५ मध्ये कॅनेडियन केनेल क्लबने तिची नोंद केली, १९९५ मध्ये नोव्हा स्कोशियाने तिला प्रांताचा कुत्रा ठरवले, आणि अमेरिकन केनेल क्लबची पूर्ण मान्यता यायला २००३ उजाडले.

शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार कुराणाने वैध ठरवली आहे, आणि गुहेत झोपलेल्या तरुणांच्या कथेत दाराशी पाय पसरून बसलेला कुत्राही आहे. तरी आमच्या घरात कुत्रा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. त्यामुळे हॅलिफॅक्सला भाचीकडे गेलो असता शेजारच्या टोलरशी गाठ पडली तेव्हा मी दोन पावले मागेच सरलो. “मामू, हात पुढे करू नका, आधी त्याला हुंगू द्या,” भाची म्हणाली. त्याने हुंगले, बाजूला झाला आणि लांबून न्याहाळत बसला. लॅब्रॅडॉरसारखा हा पहिल्या भेटीत गळ्यात पडत नाही. पण मालकाने चेंडू काढला मात्र, त्याने अशी किंकाळी फोडली की मला वाटले कोणी त्याला तुडवले. टोलरची ही किंकाळी प्रसिद्ध आहे. आनंद मावेना की तो ओरडतो. फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांना हे समजावणे कठीण! शिवाय रोज भरपूर धावणे आणि डोक्याला काम हवे, नाही तर घरातल्या वस्तूंची खैर नाही. आणि दाट दुहेरी केसांचा, थंड पाण्यासाठी घडलेला हा जीव आपल्या वैशाखात आणू नये, हे माझे स्पष्ट मत.

त्याचे एक दुखणे मात्र केसांपेक्षा खोल आहे. आजचे टोलर मोजक्याच पूर्वजांपासून वाढले. सगळेच एकमेकांचे नातलग. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे काही विकार या जातीत अधिक आढळतात. सांधे सुजतात, मेंदूभोवतीच्या आवरणाला दाह होतो, अ‍ॅडिसनचा आजार होतो. भाचीच्या शेजाऱ्यांचा आधीचा टोलर अशाच दुखण्याने ऐन उमेदीत गेला. पुढचे पिल्लू घेताना त्यांनी आईबापांच्याच नव्हे, आजी-आजोबांच्या आजारांचेही कागद मागवले, आणि ते हाती येईपर्यंत दोन वर्षे घर रिकामे ठेवले. तो जुना चेंडू मात्र त्यांनी टाकला नव्हता.